‘तारू’ आणि ‘तारणारा’: बायबलमध्ये एक शब्द पुन्हा येतो तेव्हा

बोरिवलीहून कलिना कॅम्पसला जायचं तर मी स्लो लोकल पकडते आणि सांताक्रूझला उतरते. एवढ्या वेळात शेजारची बाई हमखास विचारते, “काय शिकतेस?” पीएचडी. “कशात?” बायबलच्या मराठी भाषांतरांमध्ये. मग दोन सेकंद शांतता, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का?” नाही. आमच्या घरात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. बायबल मी आधी भाषेसाठी हातात घेतलं आणि मग अडकले.

नेमकं कशात अडकले ते अंधेरी येईपर्यंत सांगून होत नाही, म्हणून आज इथे लिहिते. माझं काम थोडक्यात असं: मूळ हिब्रू किंवा ग्रीकमध्ये जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याचं मराठीत काय होतं हे बघायचं. तो तसाच पुन्हा येतो, की चार वेगवेगळ्या शब्दांत विखुरतो? आणि मुळात वेगळे असलेले दोन शब्द मराठीत येऊन एकमेकांचे नातेवाईक होतात का? ऐकायला हिशेबनिसाचं काम वाटेल. पण याच हिशेबापायी मी एका मावशींचं मन दुखावलं होतं. ते पुढे सांगते. आधी पद्धत समजून घेऊ.

पुनरुक्ती हा दोष नाही

शाळेत निबंध लिहिताना बाई सांगायच्या, एकच शब्द सारखा वापरू नकोस. त्यामुळे पुन्हा आलेला शब्द दिसला की लेखकाचा शब्दसंग्रह कमी पडला असं आपल्याला वाटतं. जुन्या ग्रंथांचा नियम नेमका उलटा आहे. ते ऐकण्यासाठी रचलेले असतात. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. त्याला आधीच्या प्रसंगाची आठवण करून द्यायची तर तोच शब्द पुन्हा कानावर घालावा लागतो.

ही गोष्ट आपल्याकडेही जुनी आहे. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवायचं, याच्या मीमांसकांनी काही खुणा सांगून ठेवल्या आहेत. सुरुवात काय, शेवट काय, नवीन काय सांगितलं, फळ काय... आणि त्यातली एक खूण म्हणजे ‘अभ्यास’. इथे अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणं. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचं तात्पर्य शोधायला सुरुवातीलाच हीच कसोटी पुढे ठेवली आहे. आज आपण ‘अभ्यास’ म्हणतो तो पुस्तक घेऊन बसायचा, पण त्या शब्दाच्या पोटात ‘पुन्हा पुन्हा’ आहेच.

ज्यू पंडितांनी तर हिब्रू बायबलचे शब्द अक्षरशः मोजले. मध्ययुगातल्या हस्तलिखितांच्या समासात बारीक टिपा दिसतात: हा शब्दप्रयोग एकदाच आला आहे, हा दोनदाच आला आहे. नक्कल करणाऱ्याने चूक करू नये हा एक हेतू. पण ‘दोनदाच’ असं लिहिलेलं दिसलं की वाचणारा आपोआप विचारतो, दुसरीकडे कुठे? विसाव्या शतकात मार्टिन बूबर यांनी अशा शब्दांना जर्मनमध्ये ‘लाइटवोर्ट’ असं नाव दिलं. म्हणजे वाट दाखवणारा शब्द. फ्रान्ट्स रोझेन्त्सवाइग यांच्याबरोबर १९२५ मध्ये त्यांनी हिब्रू बायबलचं जर्मन भाषांतर सुरू केलं. त्यात हिब्रूतला एक धातू जर्मनमध्येही शक्यतो एकाच धातूने दाखवायचा असा त्यांचा आग्रह होता. रोझेन्त्सवाइग १९२९ मध्ये वारले. बूबर यांनी ते काम १९६१ मध्ये पुरं केलं.

एक उदाहरण घेऊ: ‘जरा ओळखा’

उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३७ वा अध्याय योसेफाचा आहे. बापाचा लाडका मुलगा, त्याचा खास झगा, भावांचा मत्सर. ते त्याला विकून टाकतात. ही विकायची कल्पना यहूदा या भावाची. मग बकरा मारून झगा त्याच्या रक्तात बुडवतात, बापाकडे पाठवतात आणि विचारतात, हा तुमच्याच मुलाचा ना? बाप ओळखतो आणि रडत बसतो.

३८ वा अध्याय मध्येच भलतीकडे जातो. योसेफ बाजूला राहतो आणि गोष्ट सुरू होते यहूदाच्या विधवा सुनेची, तामारची. त्या काळच्या रीतीप्रमाणे यहूदाने धाकट्या मुलाशी तिचं लग्न लावायला हवं होतं, ते तो टाळतो. ती वेश बदलून रस्त्याकडेला बसते. यहूदा तिला ओळखत नाही. बदल्यात एक करडू पाठवीन म्हणतो आणि तोवर तारण म्हणून आपली मुद्रा, दोरी आणि काठी तिच्याकडे ठेवतो. पुढे सून गरोदर आहे हे कळल्यावर हाच यहूदा तिला जाळायला सांगतो. तेव्हा ती त्या वस्तू त्याच्याकडे पाठवते आणि म्हणते, या कोणाच्या ते ओळखा. तो ओळखतो, आणि सगळ्यांसमोर कबूल करतो की ती माझ्यापेक्षा खरी आहे.

ही गोष्ट योसेफाच्या कथेत कुणीतरी चुकून घुसवली, असं बरेच वाचक म्हणत आले. आता शब्द बघा. भाऊ बापाला म्हणतात ‘हकेर-ना’. तामार सासऱ्याला म्हणते ‘हकेर-ना’. तेच दोन शब्द. ‘हकेर’ म्हणजे ओळख, आणि ‘ना’ हा आर्जवाचा शब्द, आपल्या ‘जरा’सारखा. ज्या शब्दाने यहूदा आणि भावांनी बापाला फसवलं, त्याच शब्दाने तो स्वतः पकडला जातो. आणि दोन्हीकडे बकरीचं पिल्लू आहे. सुमारे पाचव्या शतकातल्या ज्यू भाष्यकारांनी हे टिपून ठेवलेलं आहे. रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ मध्ये बायबलमधल्या कथनकलेवर पुस्तक लिहिलं, त्यात पहिलं मोठं उदाहरण हेच घेतलं.

धागा इथे संपत नाही. मागे २७ व्या अध्यायात याकोब हातांना बकरीची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवतो. बाप त्याला ‘ओळखत’ नाही, धातू तोच. पुढे ४२ व्या अध्यायात योसेफ मिसरचा अधिकारी झालेला आहे. तो भावांना ‘ओळखतो’, भाऊ त्याला ‘ओळखत’ नाहीत, पुन्हा तोच धातू. म्हणजे तीन पिढ्यांची फसवणूक आणि तिचा उलगडा एका क्रियापदाला बांधलेला आहे. आणि ४४ व्या अध्यायात भावाऐवजी स्वतः गुलाम व्हायला पुढे येतो तो कोण? यहूदाच. तामारची गोष्ट मध्ये नसती तर हा बदललेला यहूदा कुठून आला ते कळलंच नसतं.

मराठीची इथे एक गंमत आहे. हिब्रूमध्ये आदरार्थी रूप नाही. बापाला, सासऱ्याला, नोकराला, आज्ञार्थ एकच. मराठीत मात्र तू, तुम्ही की आपण हे भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, आणि त्यात मूळचे सारखे शब्द वेगळे होऊन बसतात. पण या ठिकाणी एकदा बाप आहे, एकदा सासरा. दोघेही वडीलधारे. ‘बाबा, जरा ओळखा.’ ‘मामंजी, जरा ओळखा.’ मराठी घरातलं वळण हा धागा आपसूक जपतं. घरी मराठी बायबल असेल तर ३७:३२ आणि ३८:२५ ही दोन वचनं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे ‘ओळख’ आहे का?

मावशी आणि तारू

आता ती मघाची गोष्ट. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, मंडपेश्वर गुंफांच्या बाजूला, एक मावशी राहतात. ईस्ट इंडियन, वय सत्तरच्या पुढे. त्यांचं मराठी बायबल मी पाहिलंय. पानापानावर रंगीत पेन्सिलींच्या रेघा: पाणी निळं, भाकर पिवळी, आग लाल. त्यांनी हिब्रूचा वर्ग केलेला नाही, पण शब्दांचा माग काढायची ही पद्धत त्या माझ्या जन्माआधीपासून करतायत.

त्यांच्या पुस्तकात नोहाच्या ‘तारवा’ला हिरवी रेघ होती, आणि तीच हिरवी रेघ नव्या करारात ‘तारणारा’ आणि ‘तारण’ या शब्दांना होती. त्या म्हणाल्या, “बघ, पुरातून तारतं ते तारू. तेच पुढे माणूस होऊन येतं.” मी, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या तोऱ्यात, म्हटलं, “मावशी, हे मुळात नाहीये. हिब्रूत तारवाला ‘तेवा’ म्हणतात. तारणाच्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. हे फक्त मराठीतलं आहे.”

त्यांनी पुस्तक मिटलं. चहा दिला, पण विषय संपला.

घरी येताना मला वाटलं, मी बरोबर होते आणि तरी काहीतरी मोडून आले. कारण ते ‘तारू’ कुठल्या तरी भाषांतरकाराने विचार करून निवडलेलं असणार. नाव, नौका, जहाज, गलबत, मराठीत शब्दांना तोटा नव्हता. ‘तारू’ हा तरणे-तारणेच्या कुळातला शब्द. भवसागर पार करून देणारा देव संतवाङ्मयात घरोघर पोचलेला. त्या ओळखीच्या सुरावर मराठी वाचकाला ही कथा ऐकू येते, हे खोटं कसं म्हणायचं?

दुसरीकडे, हिब्रू ‘तेवा’चा स्वतःचा एक धागा आहे आणि तो मावशींपर्यंत पोचलाच नव्हता. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हा शब्द फक्त दोन कथांत येतो. एक नोहाची. दुसरी मोशेच्या जन्माची. फारोने हुकूम काढलेला असतो की इस्राएलींचे मुलगे नदीत टाका. एक आई लव्हाळ्याची छोटी ‘तेवा’ करते, तिला डांबर लावते, तान्ह्या मुलाला तिच्यात ठेवते आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडते. नोहाची तेवा तीनशे हात लांब, ही जेमतेम बाळापुरती. पण शब्द एक, म्हणून ऐकणाऱ्याला कळतं की जगाची सुरुवात पुन्हा एकदा पाण्यावर तरंगतेय. मराठीत एकीकडे ‘तारू’ आणि दुसरीकडे ‘पेटारा’ किंवा ‘टोपली’. धागा तुटला.

इंग्रजी वाचकाची आणखी वेगळी फसगत होते. इंग्रजीत नोहाचं तारू म्हणजे ‘आर्क’, आणि दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटीही ‘आर्क’. हिब्रूत हे दोन वेगळे शब्द आहेत, ‘तेवा’ आणि ‘अरोन’. मराठीने दुसऱ्याला ‘कोश’ म्हटलं आणि ते वेगळेच ठेवले. म्हणजे इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा मुळाच्या जवळ आहे. प्रत्येक भाषांतर काही गाठी सोडतं, काही नव्या बांधतं. माझा प्रबंध एका वाक्यात सांगायचा तर एवढाच: ही गाठ कोणी बांधली, हे विचारायचं.

हा प्रश्न पंडिता रमाबाईंसारख्या माणसापुढे किती मोठा असेल, याचा विचार करते. रमाबाई १८५८ च्या. पुराणं तोंडपाठ असलेल्या, ती सांगत देशभर पायी फिरलेल्या. संस्कृत शब्द आपल्या मागे काय काय ओढून आणतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आधीची मराठी भाषांतरं होतीच. विल्यम कॅरींचा नवा करार सेरामपूरहून १८११ मध्ये आला होता, अमेरिकन मिशनचा मुंबईत १८२६ मध्ये. रमाबाईंना साध्या बायकांना कळेल असं मराठी हवं होतं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलाचं भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. एका बाजूला मूळ शब्दाशी इमान, दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच वाचायला शिकलेली बाई. प्रत्येक शब्दाशी हा हिशेब पुन्हा मांडायचा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

एक, छोटा भाग घ्या. एक कथा किंवा दोन अध्याय. अख्खं पुस्तक नको. मोठ्याने वाचा. पुनरुक्ती डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडते.

दोन, तीनपेक्षा जास्त वेळा आलेले शब्द अधोरेखित करा. ‘आणि’, ‘म्हणाला’ सोडून द्या. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात ‘चांगलं’ या अर्थाचा हिब्रू शब्द सात वेळा येतो. सात दिवसांच्या कथेत सात हा आकडा उगाच येत नाही.

तीन, गाठ कोणाची ते तपासा. यासाठी हिब्रू यावंच लागतं असं नाही. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डॉमिनिकन संन्याशांनी लॅटिन बायबलची शब्दसूची केली. गाथेच्या मागे अभंगांची सूची असते, तशी ही प्रत्येक शब्दाची. १८९० मध्ये जेम्स स्ट्राँग यांनी पुढे जाऊन प्रत्येक मूळ शब्दाला हजेरीपटासारखा क्रमांक दिला. हिब्रूचे ८६७४, ग्रीकचे ५६२४. ‘तेवा’चा क्रमांक ८३९२. आज हे क्रमांक मोबाइलवर फुकट बघता येतात. दोन ठिकाणी क्रमांक एकच असेल तर गाठ मुळातली. वेगळा असेल तर भाषांतरातली.

चार, दोन वह्या करा. एक मुळातल्या गाठींची, एक मराठीतल्या. दोन्ही ठेवा, पण एकीतलं दुसरीत लिहू नका.

सावध राहायच्या जागाही सांगते. शब्द पुन्हा आला म्हणजे दर वेळी विषय तोच असतो असं नाही. एखाद्या मराठी कादंबरीत ‘पाणी’ मोजायला बसलात तर तोंडाला सुटलेलं पाणी, कष्टांवर पडलेलं पाणी, कुणी जोखलेलं पाणी, सगळं एका यादीत येईल आणि कादंबरी दुष्काळावरची आहे असं वाटेल. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांना याच चुकीबद्दल चांगलंच झापलं होतं: शब्दाचे सगळे अर्थ गोळा करून प्रत्येक वाक्यात कोंबू नका. उलटही होतं. विषय असतो, शब्द नसतो. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी पिढ्यानपिढ्या पुरीमचा सण त्याच कथेवर साजरा केला.

आणि काही शब्द असे असतात की मराठीकडे उत्तम जोड असूनही भाषांतरात ती वापरता येत नाही. हिब्रू ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही. यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायात वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त आहे. त्याच्या चौदा वचनांत हा शब्द दहा वेळा येतो, आणि वारा कुठे संपतो, श्वास कुठे सुरू होतो ते मुद्दाम कळू दिलेलं नाही. मराठीत त्याचे वारा, श्वास, आत्मा असे तुकडे होतात. पण आपण ‘अंगात वारं आलं’ म्हणतो तेव्हा वारा आणि आत्मा एकच असतात की! फक्त ते वारं देवीचं असतं. मिशनचा भाषांतरकार तो शब्द उचलेल का? कठीण आहे. हे उदाहरण सध्या माझ्या दोन्ही वह्यांच्या मधोमध पडून आहे.

मावशींकडे मी महिन्याभराने परत गेले. या वेळी शिकवायला नाही. नोहाचं पान आणि मोशेच्या जन्माचं पान काढून म्हटलं, इथे मुळात एकच शब्द आहे, पुस्तकभर फक्त या दोनच गोष्टींत. त्यांनी दोन्ही पानं दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या आईने घरच्या घरी तारू केलं.” आणि हिरवी पेन्सिल घेऊन ‘पेटारा’खाली रेघ मारली. ‘तारणारा’ची जुनी रेघ खोडली नाही, आणि मीही काही बोलले नाही.

पुढच्या वेळी नव्या करारातली एक जोडी घेऊ. तोवर योहानाच्या शुभवर्तमानातली १८:१८ आणि २१:९ ही दोन वचनं वाचून ठेवा. दोन्हीकडे शेकोटी आहे. एकीपाशी पेत्र उभा राहून गुरूला ओळखत नाही म्हणतो. दुसरीवर मासळी भाजतेय आणि गुरू त्याला न्याहारीला बोलावतोय. त्या कोळशाच्या निखाऱ्यांसाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी आहे. तुमच्या मराठी प्रतीत दोन्हीकडे काय छापलंय, तेवढं मला कळवा.